गेटवरचा मेजर आणि ऑफिसातले आपण

सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा नगरकडच्या एमआयडीसीत नोकरभरतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "मिलिटरीतला माणूस असेल तर डोळे झाकून घ्या." तोच माणूस वर्षाच्या आत राजीनामा देऊन गेला की दुसरं वाक्य येतं : "फौजी लोकांचं सिव्हिलमध्ये जमत नाही हो." गंमत अशी, की दोन्ही वाक्यं बोलणारा मालक बहुतेकदा एकच असतो. आणि नोकरी सोडून गेलेला फौजी तिकडे गावच्या पारावर तिसरं वाक्य बोलत असतो : "सिव्हिलमध्ये कुणाला कशाची पडलेलीच नाही."

ही तिन्ही वाक्यं अर्धवट आहेत. ती आपण सोडून द्यावीत, एवढ्यासाठी हा लेख. वक्तशीरपणा, दिलेला शब्द पाळणं, अर्धं काम तसंच टाकून न जाणं, हे गुण वर्दीबरोबर अंगात शिरत नाहीत आणि वर्दी घातली नाही म्हणून कमी पडत नाहीत. माणूस ज्या जागी पंधरा-वीस वर्षं काम करतो ती जागा त्याच्याकडून काय मागते आणि त्याच्यासाठी काय करते, यावर ते ठरतं. म्हणून फौजी चांगला की सिव्हिलवाला, हा वाद घालण्यापेक्षा दोघांना घडवणाऱ्या व्यवस्था शेजारी ठेवून बघितल्या, तर आपल्या रोजच्या कामाला उपयोग होईल.

आधी एक गैरसमज दूर करू. 'निवृत्त सैनिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या मिशांचे आजोबा येतात. नियमित सेवेतल्या जवानाला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन लागू होतं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा सदतीस-अडतीसाव्या वर्षी, किंवा पंचेचाळिशीच्या आसपास, ट्रंक घेऊन गावी परततो. देशभरात दरवर्षी साधारण ६० हजार जण तिन्ही दलांतून असे बाहेर पडतात. त्यांची मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज चालू असतं, आई-वडील थकत आलेले असतात. सिव्हिलमधला माणूस ज्या वयात बढतीची वाट बघत असतो, त्या वयात हा पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो. अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी अशी नावंच ज्या गावांना पडली, तिथे हे घरोघरी माहीत आहे. शहरातल्या ऑफिसांना मात्र तो 'रिटायर्ड माणूस' वाटतो, आणि तिथूनच त्याच्याविषयीचे अंदाज चुकायला लागतात.

दुसरा गैरसमज म्हणजे फौजी म्हटला की बंदूक. गावात कुणीही फौजेतून आला की त्याला सरसकट 'मेजर' म्हणतात, मग तो नाईक असो की सुभेदार. प्रेमाची हाक आहे, पण तिच्यामागे तो नेमकं काय करत होता हे झाकलं जातं. फौजेत रेडिओ दुरुस्त करणारे आहेत, रणगाड्याचं इंजिन खोलणारे आहेत, बुलडोझर चालवणारे, पूल बांधणारे, हजारो वस्तूंचं भांडार सांभाळणारे, पगारपत्रकं करणारे, जखमींवर पहिले उपचार करणारे नर्सिंग असिस्टंट आहेत. पायदळातला जवानसुद्धा बर्फात तीन महिन्यांचा शिधा आणि रॉकेल पुरवून वापरणाऱ्या चौकीवर राहिलेला असतो. आपल्याकडे त्याला 'स्टोअर मॅनेजमेंट' म्हणतात आणि त्यासाठी पदविका मागतात.

शिस्त येते कुठून

फौजेतल्या काही साध्या पद्धती बघा. पहाऱ्यावरचा संतरी बदली माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडत नाही. जाताना तो काय पाहिलं, काय बिघडलं आहे, कशावर नजर ठेवायची, ते सांगून जातो. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, हत्यार बाहेर निघतं तेव्हा वहीत नोंद होते, परत येतं तेव्हा पुन्हा मोजदाद होते. फायरिंग रेंजवर झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत घेतात. एखादी जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा चार्ज देणं-घेणं यादीवर सह्या करून होतं. मोठी कामगिरी असेल तर आधी जमिनीवर मातीचा नकाशा करून प्रत्येकाला त्याची जागा दाखवतात आणि सराव घेतात. कामगिरी संपल्यावर काय चुकलं यावर बसून बोलतात.

यात कुणाच्या स्वभावाचा प्रश्नच येत नाही. आळशी जवानसुद्धा कोतची नोंद करतो, कारण न करण्याची सोयच ठेवलेली नाही. उलट, अतिशय मन लावून काम करणारा ऑपरेटर आपल्या कारखान्यात तोंडी चार्ज देऊन बसकडे पळतो, कारण पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत थांबायची सोय नाही आणि थांबला तर त्या पंधरा मिनिटांचा पगार नाही. रात्री मशिनमधून येणारा वेगळा आवाज त्यानं ऐकलेला असतो, पण तो कुठे लिहायचा याची वही नसते. सकाळी मशिन बंद पडलं की सगळे म्हणतात, "लोकांना जबाबदारीच नको."

आता दुसरी बाजू. जवान वेळेवर हजर राहतो, हे खरंच. पण तो बराकीत राहतो आणि पीटीचं मैदान चालत जाण्याच्या अंतरावर असतं. लंगरात चहा-नाश्ता तयार असतो. कपडे, बूट, दवाखाना, राहण्याची जागा यांची काळजी सरकारची. शांततेच्या ठाण्यावर वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा त्याला मिळू शकते. सीमेवरच्या कष्टांपुढे हे काही फार नाही, पण कामावर वेळेत उभं राहण्यासाठी लागणारं सगळं त्याच्या पाठीशी असतं एवढं खरं.

अंबरनाथहून मुंबईला जाणारी एखादी क्लार्क घ्या. नळाला पाणी येतं पहाटे पाच ते सहा. मुलाचा डबा, सासूबाईंची औषधं, स्टेशनपर्यंतची रिक्षा, मग लोकल. गाडी उशिरा आली तर मस्टरवर लाल शाई. या बाईनं वीस वर्षांत फार तर दहा-बारा वेळा उशीर केला असेल, तर तिची शिस्त कुठल्याही सुभेदारापेक्षा कमी मानायचं कारण नाही. जवान सीमेवर असतो तेव्हा त्याच्या घरची दुसरी पाळी त्याची बायको करते, ही बाई दोन्ही पाळ्या एकटी करते. तिला सलाम करणारं कुणी नसतं, म्हणून तिची व्यावसायिकता आपल्याला दिसत नाही.

एक पूल आणि एक रेल्वे

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस नव्या पादचारी पुलांचं काम लष्कराकडे देण्याचं ठरलं, आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली असे तिन्ही पूल लोकांसाठी खुले झाले. खडकीचं मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्सनी ते उभारले. त्या वेळी चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत एकच सूर होता : सगळंच मिलिटरीकडे द्या.

पण तो पूल चार महिन्यांत का झाला, हे शांतपणे पाहायला हवं. काम एकच होतं आणि स्पष्ट होतं. तारीख ठरलेली होती. जबाबदार कोण, याबद्दल शंका नव्हती. तयार पोलादी भाग जोडून उभारण्याची पद्धत सॅपर्सच्या हातात मुरलेली होती. रेल्वेनं गाड्या थांबवून ब्लॉक दिले, म्हणजे वर्दी नसलेले रेल्वेवालेही त्या कामात तितकेच होते. सगळ्या देशाची नजर तिथे होती, त्यामुळे फाइल कुठल्या टेबलावर अडण्याची हिंमत करत नव्हती. हेच सगळं आपण महापालिकेच्या एखाद्या अभियंत्याला दिलं आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी कोकण रेल्वे आठवावी. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा पूर्ण मार्ग सुरू झाला. सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, लहान-मोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, वरून कोकणातला पाऊस आणि आतून ढासळणारी माती. ई. श्रीधरन रेल्वेतले अभियंते, त्यांचे सहकारीही तसेच, आणि बोगद्यात उतरलेले मजूर तर कंत्राटी. यात लष्कर नव्हतं. तिथे स्वतंत्र महामंडळ होतं, रोखे विकून उभारलेला पैसा होता, जागेवर निर्णय घ्यायची मुभा होती आणि लोकांसमोर सांगितलेली मुदत होती. जिथे हे मिळतं तिथे सिव्हिलवालाही शब्द पाळतो.

दोन गावं, दोन रीती

माणसांना कामाला लावण्याच्या पद्धतीत मात्र खरा फरक पडतो, आणि तो बघायला नगर जिल्ह्यासारखी जागा नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात ट्रक चालवत होते. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर ते थोडक्यात वाचले. १९७५ मध्ये गावी परतले, साठवलेल्या पैशातून यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलं आणि तिथूनच पाणलोटाच्या कामाला हात घातला. राळेगणनं दुष्काळी भागाला पाणी अडवायला शिकवलं, यात वाद नाही. पण दारू सोडवण्यासाठी पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचंही त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. गाव मोडकळीला आलेलं असताना एका शब्दानं सगळ्यांना उभं करणारा माणूस लागतो, असं त्यावर अनेक जण म्हणतात. तरीही, जिथे कायदा आहे तिथे शिक्षा द्यायचा हक्क एका माणसाकडे जाणं धोक्याचं, हे आपण मान्य करायला हवं.

त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण. फौजेशी संबंध नाही. राळेगणचं काम त्यांच्या डोळ्यांसमोर होतंच. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे तिथेही आलं, पण ते ग्रामसभेतून आलं. पाऊस किती पडला हे मोजून वर्षाचा पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं, अशी तिथली रीत. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा निर्णयही गावानं पाळला. हुकूम देणारा नसताना लोक नियम पाळतात, कारण नियमामागचा हिशेब त्यांनी स्वतः पाहिलेला असतो.

फौजी आणि सिव्हिल यांच्यात देवाणघेवाण व्हायची ती अशी. पवारांनी फौजीच्या गावाचा ठामपणा घेतला आणि त्याला समजावण्याची जोड दिली. आपल्या ऑफिसातही हे करता येतं, दोघांनी थोडं थोडं सरकायला हवं. म्हणून आता प्रत्येकाशी वेगळं बोलतो.

मालकांना आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना

माजी सैनिक घेताना 'तुमचा ट्रेड कोणता होता' हा पहिला प्रश्न विचारा. सिग्नलमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला बारा तास गेट उघडायला-लावायला बसवणं हा त्याचा अपमान आहे, आणि तुमचा तोटाही. त्याच्या डिस्चार्ज बुकात केलेले कोर्स, ट्रेड आणि वागणुकीचा शेरा असतो. ते पान वाचायला पाच मिनिटं पुरतात.

"तुम्हाला पेन्शन आहेच की" असं म्हणून पगार कमी करू नका. पेन्शन त्यानं आधी केलेल्या नोकरीचं आहे. तुमच्याकडे आठ तास काम करणाऱ्याला आठ तासांचा पूर्ण मोबदला मिळायला हवा, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला मिळतो तेवढाच.

त्याला कामगारांवर चाबूक म्हणून आणू नका. 'मिलिटरीवाला सुपरवायझर ठेवला की सगळे सरळ होतील' हा विचार अनेक कारखान्यांत दिसतो. त्यात तो सुपरवायझर आणि कामगार दोघेही भरडले जातात आणि मालक केबिनमध्ये बसून बघत राहतो. आणि शिस्त हवी असेल तर ती वरून सुरू करा. दहाची बैठक साहेब स्वतः साडेदहाला सुरू करत असतील, तर खालच्याला वक्तशीरपणा शिकवायला आख्खी पलटण आणून उपयोग नाही. मैदानी सरावात चांगला अधिकारी जवानांची ताटं भरल्यावर आपलं ताट घेतो. फौजेत त्याचा शब्द झेलला जातो, त्याला हेही एक कारण आहे.

काम लेखी द्या. काय करायचं, कधीपर्यंत, कुणाला विचारायचं, कितीपर्यंतचा खर्च स्वतःच्या अधिकारात करायचा, एवढं एका कागदावर असू द्या. फौजीला याची सवय असते आणि बाकीच्यांनाही त्याचा फायदा होतो. 'बघा जरा, तुम्हाला कळतंय तसं करा' हा आपल्याकडचा आवडता आदेश आहे. काम बिघडलं की तोच आदेश देणारा म्हणतो, 'मी असं कुठे सांगितलं होतं?'

सिव्हिलमधल्या सहकाऱ्यांना

फौजेकडून उचलण्यासारख्या तीन सवयी आहेत. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

पहिली, चार्ज लिहून द्या. रजेवर जाताना, पाळी बदलताना, टेबल बदलताना, अगदी सोसायटीचं सचिवपद सोडतानाही. काय झालं, काय राहिलं, कुणाला फोन करायचा आहे, किल्ली कुठे आहे. चार ओळी पुरतात. या चार ओळी नसल्यामुळे किती भांडणं होतात, ते प्रत्येक जण आपल्या ऑफिसात आठवून पाहू शकतो.

दुसरी, वाईट बातमी लवकर वर पोचवा. चौकीवर काही दिसलं आणि संतरी 'सकाळी सांगू' म्हणाला, तर सकाळपर्यंत सांगायला कुणी उरेलच असं नाही. ऑफिसात जीव जात नाही म्हणून आपण चूक लपवतो, ती व्याजासकट वाढते आणि मग मार्चअखेरीला बाहेर येते. वरिष्ठांनीही ती आणणाऱ्यावर खेकसू नये, नाहीतर पुढची बातमी येणारच नाही.

तिसरी, अडचण समोर मांडा. पलटणीत ठरावीक काळानं सैनिक संमेलन भरतं, त्याला जुने लोक दरबार म्हणतात. कमांडिंग ऑफिसरसमोर उभं राहून जवान आपली अडचण सांगू शकतो. आपण तीच अडचण कँटीनमध्ये सहा जणांना सांगतो आणि ज्यानं ती सोडवायची त्याला सोडून सगळ्यांना ती कळते.

आणि एक विनंती. नव्या फौजी सहकाऱ्याला 'मेंदू गुडघ्यात' वगैरे म्हणून हिणवू नका, आणि पहिल्याच दिवशी "किती जणांना उडवलंत?" असंही विचारू नका. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. त्याला सध्या हवी असते ती साधी माहिती : रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, कुठल्या साहेबाला कधी भेटावं, इथे 'हो बघतो'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा होतो. ही माहिती कुठल्याच नियमपुस्तकात नसते.

माजी सैनिकांना

भाऊ, तुमचं काम मोठं होतं. ते गावानं, ऑफिसानं रोज म्हणून दाखवावं अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. 'आमच्या फौजेत असं नव्हतं' हे वाक्य पहिल्या सहा महिन्यांत जितकं कमी बोलाल तितकं बरं. त्या काळात फक्त पाहा. कोण कुणाचं ऐकतं, पैसा कुठून येतो, गिऱ्हाईक कशानं खूश होतं, युनियनचं म्हणणं काय. सिव्हिलमध्ये खांद्यावर फीत नसते. हुद्द्यानं लहान दिसणारा ऑपरेटर कधी कधी सगळं शॉप फ्लोअर चालवत असतो.

इथे हुकुमानं काम होत नाही, पटवून द्यावं लागतं. माणूस 'का?' विचारतो ती बहुतेक वेळा आज्ञाभंगाची खूण नसते, त्याला खरंच समजून घ्यायचं असतं. तुम्हीही वरिष्ठांना 'का' विचारायची सवय करा. चुकीच्या आदेशाला 'जी साहब' म्हणणं सिव्हिलमध्ये गुण मानला जात नाही, आणि पुढे चौकशी लागली तर 'मला सांगितलं होतं' हे उत्तर चालत नाही. साहेब तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, कदाचित बाई असेल. पलटणीत बहुतेकांना स्त्री सहकाऱ्यांबरोबर बरोबरीनं काम करायची संधी मिळालेली नसते. इथे ती रोजची गोष्ट आहे. आवाज खाली, ऐकणं जास्त, हा नियम ठेवला की अडचण येत नाही.

कागद सांभाळा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, ट्रेडची आणि कोर्सची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा आणि तिचं वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहा. राज्य सरकारच्या क आणि ड गटाच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. राष्ट्रीयीकृत बँका आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत क गटात साडेचौदा आणि ड गटात साडेचोवीस टक्के आहे, त्यात युद्धात अपंग झालेले आणि शहिदांचे कुटुंबीय यांचा साडेचार टक्क्यांचा वाटाही आला. प्रत्यक्षात भरलेल्या जागा या टक्क्यांच्या खूप खाली राहतात. दहावी उत्तीर्ण आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला, पदवी मागणाऱ्या क गटाच्या बिगरतांत्रिक केंद्रीय पदांसाठी पात्र धरण्याची तरतूद आहे, ती अनेकांना माहीतच नसते. पुनर्वसन महासंचालनालय नोकरी संपण्याआधीच पुढच्या व्यवसायाचे कोर्स देतं. ते सुट्टीसारखे घालवू नका.

अर्जात आपलं काम सिव्हिलला कळेल असं लिहा. 'कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार' वाचून भरती करणाऱ्या मुलीला काही बोध होत नाही. 'शंभराहून अधिक माणसांचं राहणं, कपडे आणि सामान यांचा साठा व हिशेब सांभाळला' असं लिहिलं तर ती लगेच फोन करेल. आणि पेन्शनची एकरकमी आलेली रक्कम ओळखीच्या कुणाच्या 'दामदुप्पट' योजनेत टाकू नका. फौजीचा पैसा विश्वासावर चटकन हातातून सुटतो, हे फसवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

अग्निवीरांच्या आई-वडिलांना, आणि शेवटी सगळ्यांना

तरुणांना चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून भरती करणारी अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला लागल्या, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ संपता संपता आणि २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. मूळ योजनेप्रमाणे त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत फौजेत कायम होतील, बाकीची तेवीस-पंचवीस वर्षांची मुलं परत येतील. हातात सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी असेल. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. वर सांगितलेल्या आरक्षणांवर म्हणूनच त्यांनी विसंबून राहू नये. आई-वडिलांनी सेवानिधीतून आधी गाडी किंवा लग्न काढू नये, त्यातला मोठा वाटा पदवीसाठी किंवा हातातल्या ट्रेडचं पुढचं शिक्षण घेण्यासाठी ठेवावा.

हा मुलगा पंधरा वर्षं फौजेत मुरलेला नसेल. त्याच्याकडे चार वर्षांची शिस्त, उत्तम तब्येत आणि पुढे काय याची चिंता असेल. त्याला आपण गेटवर उभा केला, तर ती शिस्त वर्षभरात विरून जाईल आणि मग आपणच म्हणू की फौजी लोकांचं जमत नाही. त्याला कामाचा लेखी तपशील द्या, पूर्ण पगार द्या, हाताखाली घेऊन शिकवणारा एक अनुभवी सिव्हिलवाला द्या. आणि त्या सिव्हिलवाल्याला थोडा वेळ आणि थोडा मान द्या. एवढं केल्यावर वर्षानं बघा, आणि मग दोघांपैकी कोण कसं काम करतं ते खुशाल ठरवा. त्याआधी नाही.